चादरीबाहेरची टाच

स्टीलचा टेप तिच्या हातून सुटला आणि खळकन गुंडाळत डबीत शिरला. पडद्यांच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर टेप हातून सुटत नाही. डोळे मिटूनही तो खिडकीच्या चौकटीला धरता येतो. उंची मोजून झाली होती. रुंदी घ्यायला ती स्टुलावरून उतरली, वळली, आणि समोरच्या भिंतीवरचं ते चित्र तिला दिसलं. चित्रं बघायला ती आलीच नव्हती. चित्रांच्या प्रदर्शनाच्या हॉलवाल्यांना दुपारच्या उन्हानं रंग उडतील अशी धास्ती होती, त्यांना जाड अस्तराचे पडदे हवे होते, आणि दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "तूच जा. तुझं माप चुकत नाही आणि तू तिथं उगाच रेंगाळणारही नाहीस." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. असल्या चित्रांविषयी तिचं मत कधीचंच पक्कं होतं. म्हणजे ते तिच्या नवऱ्याचं मत होतं, आणि संसारातल्या बाकी वस्तूंसारखं तेही तिच्या वापरात आलं होतं. नवरा पोर्ट्रेट काढायचा. रंग फासायचे आणि लोकांना वेड्यात काढायचं, आणि लोकही असे की आपल्याला कळत नाही म्हणायची लाज वाटते म्हणून माना डोलावतात, असं तो म्हणायचा. दुकानात पडद्यांवरच्या नक्षीचा विषय निघाला की तीही हेच म्हणायची, अगदी त्याच्याच शब्दांत, आणि गिऱ्हाइकं हसायची.

चित्र दाराएवढं होतं. आधी तिला वाटलं, भिंतीचा पोपडा उडालाय. मळकट पांढरा रंग, मधूनच पिवळसर झाक, आणि सगळं पुन्हा पुन्हा पुसून काढल्यासारखं. मग त्या पांढऱ्यात एक उंचवटा दिसला, चादरीखाली कुणीतरी असावं तसा. डोकं नव्हतं, जिथं डोकं यायचं तिथं चित्रच संपत होतं. आणि खालच्या कोपऱ्यात चादरीबाहेर आलेली एक टाच. भेगाळलेली, सुकलेली. ती गादीला टेकली नव्हती. घोट्याखाली कसलीतरी गुंडाळी होती आणि टाच तिच्यापुढे अधांतरी राहिली होती, बोटभर वर. ती गुंडाळी टॉवेलची आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. टाच गादीला टेकून राहिली की लाल होते, मग काळी पडते, मग तिथं जी जखम होते ती भरता भरत नाही. म्हणून टॉवेलची घट्ट वळकटी करून घोट्याखाली सारायची, फार जाड नाही, नाहीतर गुडघा दुखतो. तिनं तीन वर्षं अशा वळकट्या केल्या होत्या. हे चित्र ज्या कुणाचं आहे त्यानं कधीतरी टॉवेल वळलेला आहे, असं तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ सासूबाईंच्या खोलीचा वास आला, औषधी पावडरीचा, ओल्या कापडाचा आणि त्या दोन्हींखालच्या तिसऱ्या वासाचा, ज्याला तिनं कधी नाव दिलं नव्हतं. ती स्टुलावर बसली.

दाराशी हॉलच्या टेबलामागं बसलेली बाई उठून आली. "बरं वाटत नाही का?"

"उन्हातून आले ना."

"पाणी देऊ?"

"नको. रुंदी राहिलीय," ती म्हणाली, पण उठली नाही.

तेवढ्यात दोन माणसं आत आली. दोघंही चांगल्या कपड्यांतली, जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला निघालेली. चित्रापुढे थांबली. "इस्त्रीवाला चादर इथंच विसरून गेला वाटतं," एक म्हणाला. दुसरा हसला आणि तिच्याकडे बघून त्यानं भुवया उंचावल्या, तुम्हीही हसा अशा अर्थानं. काल तिनं हसून दाखवलं असतं. विनोद अगदी घरचा होता, नवऱ्याच्या तोंडून अशा धर्तीचे शंभर ऐकले होते. आज तिला त्या माणसाला सांगावंसं वाटलं की हळू बोला, आत माणूस आहे. मग आपल्याच विचाराची तिला भीती वाटली. तिनं रुंदी घेतली, चुण्यांसाठी दुप्पट कापड धरलं, खालच्या दुमडीचं माप विसरली आणि दुकानात परत गेल्यावर मनानंच घातलं.

संध्याकाळी घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून ती सासूबाई आठवत होती. आठवायला बसलं की आजवर एकच चेहरा पुढं यायचा, बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरचा. सोनेरी चौकट, खांद्यावर शाल, शालीच्या गोंड्यांचा धागा न् धागा वेगळा, हात मांडीवर एकावर एक ठेवलेले, आणि कपाळावर मऊ उजेड. घरी येणारा प्रत्येक माणूस त्या चित्रापुढे थांबून म्हणायचा, आत्ता बोलतील. नवऱ्यानं ते त्यांच्या आजारपणातच काढलं होतं, मागच्या खोलीत, धाकट्या दिराच्या लग्नातल्या एका फोटोवरून. मधल्या खोलीत त्या पडून होत्या आणि मागच्या खोलीत त्या हळूहळू तयार होत होत्या. तो हाक मारायचा, "अगं, जरा येऊन बघ," आणि ती सासूबाईंना पुसता पुसता उठून जायची, ओले हात अंगापासून लांब धरून दारातून बघायची आणि सांगायची, डाव्या गालाला जरा भर द्या, ओठ थोडे आवळलेत. तो वाद घालायचा आणि मग तेच करायचा. तिची नजर पक्की होती, असं तो सगळ्यांना सांगायचा. मधल्या खोलीत मात्र तो येत नसे. उंबऱ्यावर उभा राहून विचारायचा, "कशी आहे आज?" आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत त्याचे डोळे भरून यायचे. त्याला बघवत नाही, मन फार हळवं आहे त्याचं, असं नणंदा म्हणायच्या. तीही म्हणायची. आपल्या मनाला लोक काय म्हणत असतील हा प्रश्न तिला तेव्हा कधी पडला नव्हता. मनाकडे बघायला तिला सवडच नव्हती. आणि सासूबाई गेल्यावर, दिवसांमागून दिवस ते चित्र बघता बघता, अंथरुणावरची ती बाई तिच्या डोक्यातून कधी निघून गेली ते तिला कळलंही नाही. शालवाली राहिली. आज कुण्या परक्या माणसाच्या चादरीखाली ती दुसरी तिला सापडली होती.

"आलीस? हात धू आणि इकडे ये. बघून सांग," नवरा मागच्या खोलीतून म्हणाला. त्यांचा संसार या वाक्यावर उभा होता म्हटलं तरी चालेल. तिनं बघितल्याशिवाय एकही पोर्ट्रेट घराबाहेर गेलं नव्हतं. चित्र टेकवायच्या घोडीवर एका कारखानदाराचे दिवंगत वडील होते. चष्म्याच्या काचेवरची चमक सुरेख उतरली होती, कोटाच्या गुंड्या बोटानं चाचपाव्यात अशा. ती बघत राहिली. नेहमी पहिल्या नजरेत काहीतरी खुपायचं, कान मागं गेलेला असायचा, एक खांदा पडलेला. आज काहीच खुपेना. मग तिच्या लक्षात आलं की ती चेहरा बघतच नाहीये, कपाळ बघते आहे. ती बाहेरच्या खोलीत जाऊन सासूबाईंचं कपाळ बघून आली. भिंतीला टेकवून ठेवलेली आणखी दोन बघितली, एक हेडमास्तर, एक कुणाची तरी तरुण बायको.

"काय गं, काय शोधतेस?"

"हा उजेड कुठून येतो?"

"कुठला?"

"कपाळावरचा. सगळ्यांच्याच कपाळावर आहे. एकाच जागी."

तो हसला. "वरून येतो, डावीकडून. एवढ्या वर्षांत आज दिसला होय तुला? अगं, तो नसला तर माणूस मेल्यासारखा दिसतो."

"हे मेलेलेच आहेत ना पण?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे आपण बोललो नाही, आपल्या तोंडून दुसरंच कुणी बोललं. तो अजून हसत होता, पण हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. मग तिनं घाईघाईनं काहीतरी शोधून काढलं, नाकपुडी जरा रुंद झालीय म्हणाली, आणि त्यानं मान हलवली. दोघांनाही माहीत होतं की नाकपुडी बरोबर आहे. पुढचं पोर्ट्रेट झालं तेव्हा त्यानं हाक मारली नाही. कापडात गुंडाळून ते तो स्वतःच पोचवून आला. ती स्वयंपाकघरात उभी राहून त्या हाकेची वाट बघत होती आणि ती येऊ नये असंही तिला वाटत होतं.

पडदे शिवून होईपर्यंत ती दुपारच्या सुट्टीत हॉलमध्ये जात राहिली. पडद्याचं निमित्त किती दिवस पुरणार. मग निमित्त न सांगताच जायला लागली. डबा ती दुकानात परत येऊन घाईघाईत खायची. टेबलामागच्या बाईशी ओळख झाली. चित्रं काढणारी बाई वयानं मोठी आहे, ती इथं फिरकत नाही, आणि चित्रांना नावं द्यायला तिनं साफ नकार दिला आहे, असं त्या बाईनं सांगितलं. "लोक मला विचारतात, हे कशाचं चित्र आहे. मी काय सांगू? पहिले काही दिवस सगळे हसायचे. आता हसणं कमी झालंय. चित्र तर तेच आहे." तिनंही ते पाहिलं होतं. सुटाबुटातला एक माणूस चित्राकडे पाठ करून कितीतरी वेळ उभा होता आणि मग एकदम वळून त्यानं ते असं बघितलं, की जणू मागून कुणी खांद्यावर हात ठेवला. एका म्हातारीनं आपल्या सुनेला खूण करून जवळ बोलावलं, टाच दाखवली, आणि दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या. आजवर तिला वाटत होतं की चित्र पुरं झालेलं असतं, भिंतीवर टांगलेलं असतं, आणि आपण फक्त जमलंय की नाही ते सांगायचं. ओळखू आलं की जमलं. इथं ओळखू येण्यासारखं काहीच दिलेलं नव्हतं, तरी माणसं ओळख पटल्यासारखी थांबत होती. प्रत्येकाला आपापलं माणूस बरोबर आणावं लागत होतं. हे घरी जाऊन कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटे, आणि चित्राविषयी सांगण्यासारखं माणूस तिच्या आयुष्यात एकच होतं.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ती त्याला घेऊन गेली. तो सहज तयार झाला याचंच तिला नवल वाटलं. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी नीट केली, चष्मा पुसून घेतला. परीक्षेला बसायचं असावं तसा. वाटेत म्हणाला, "तुला आवडलंय म्हणजे काहीतरी असेल त्यात." या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि नेमकं तेच तिला लागलं. चित्रापुढे तो नेहमीसारखा आधी जवळ गेला, मग चार पावलं मागं आला, मान तिरकी केली.

"ड्रॉइंग येतं हिला," तो शेवटी म्हणाला. "टाच बघ. ही येरागबाळ्याला जमणारी टाच नाही. अशी टाच काढणारा माणूस चेहरा का काढत नाही? येत असून काढायचा नाही, हा माज आहे."

"तुम्हाला काय दिसतंय?"

"चादर."

"आणखी?"

"टाच, म्हटलं ना."

"कशावर ठेवलीय?"

तो पुन्हा जवळ गेला. "उशी आहे कसलीतरी. लहान उशी."

"टॉवेल आहे तो," ती म्हणाली. "वळून ठेवलेला."

तिचा आवाज शांत होता, निदान तिला तसं वाटलं. तो तिच्याकडे वळला नाही. आधीच स्वच्छ असलेला चष्मा काढून त्यानं शर्टाच्या टोकानं पुसला आणि तो हातातच धरून दाराकडे चालू लागला. ती मागोमाग गेली. बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. खालच्या पायरीवर तो कठड्याला धरून उभा होता, आणि पहिल्यांदाच तिला तो म्हातारा दिसला.

"मी आईच्या खोलीत आलो नाही, हेच ना?" तो म्हणाला. "तू मला चित्र दाखवायला आणलं नव्हतंस."

"चित्रच दाखवायला आणलं होतं."

"मग मला का दिसलं नाही ते?"

याचं उत्तर तिच्यापाशी होतं. पण ते द्यायला जो निष्ठुरपणा लागतो तो तिच्यात नव्हता, की होता आणि तो आधीच वापरून झाला होता, हे तिला ठरवता येईना. बसमध्ये दोघं शेजारी बसली. एका वळणावर त्याचा खांदा तिच्यावर आला आणि त्यानं "सॉरी" म्हटलं, परक्या बाईला म्हणावं तसं.

त्यानंतरचे दिवस बिनआवाजाचे गेले. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला तोंड फुटतं, मग ते मिटतं. हॉलमधलं प्रदर्शन संपलं, तिनं शिवलेले पडदे आता दुसऱ्याच कुणाच्या चित्रांवरचं ऊन अडवू लागले. तो चित्र टाकून बसला नव्हता, कामं घेत होता, पण घोडीसमोर नुसताच बसलेला दिसायचा. एकदा तिनं पाहिलं, एका चेहऱ्याच्या कपाळावरचा उजेड त्यानं पुसून टाकला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जागच्या जागी होता. तिला त्याची अशी कीव आली की ती तिथून निघून गेली. एवढा चांगला हात, इतकी वर्षं ज्याला लोकांनी आत्ता बोलतील म्हणून शाबासकी दिली, आणि एका दुपारी स्टुलावरून उतरताना तिनं मान वळवली म्हणून तो हात अडखळायला लागला. बघितलेलं न बघितल्यासारखं करता येत नव्हतं. तिनं प्रयत्न करून पाहिला होता. रोज सकाळी बाहेरची खोली झाडताना ती शालवाल्या सासूबाईंपुढे उभी राहायची आणि म्हणायची, छान आहे, किती छान आहे. धागे दिसायचे, गोंडे दिसायचे.

रविवारी दुपारी ती दळण घेऊन आली तेव्हा बाहेरच्या खोलीतली भिंत रिकामी होती. ती हाक मारणार होती, पण मधल्या खोलीचं दार उघडं दिसलं. सासूबाई गेल्यापासून त्या खोलीत रिकाम्या चौकटी आणि जुने कॅनव्हास पडून असत; कॉट मात्र कुणी हलवली नव्हती. त्या कॉटवर तो बसला होता. आईचं चित्र त्यानं समोर खुर्चीवर उभं केलं होतं आणि मांडीवर कोरा कागद होता.

"तिचे हात कसे झाले होते शेवटी?" त्यानं विचारलं. वर न बघता, कामातलं काहीतरी विचारावं तसं.

तिनं पिठाचा डबा खाली ठेवला. सांगायला तोंड उघडलं आणि तिला आठवेना. हात म्हटलं की मांडीवर एकावर एक ठेवलेले त्याच्या चित्रातले हात पुढं येत होते. पाय म्हटलं की हॉलमधली ती टाच. सासूबाईंची टाच तशीच होती का, की उजवीला ती मोठी भेग नव्हतीच, हेही तिला धड सांगता येईना. तिनं डोळे मिटले. इतकी वर्षं रोज जे हात धुतले, पुसले, नखं कापली, त्यांच्या जागी कुणीतरी काढलेलं काहीतरी होतं. दोन चित्रकारांनी मिळून ती बाई वाटून घेतली होती.

"नाही आठवत," ती म्हणाली.

"तुलासुद्धा?"

"वजन आठवतंय."

"कसलं वजन?"

"कुशीवर करताना. हाडं झाली होती नुसती, तरी जड लागायच्या. एका खांद्याखाली हात, एक कंबरेखाली. आधी आपल्याकडे ओढून घ्यायचं आणि मग पलीकडे."

तो कागदाकडे बघत राहिला. "वजन कसं काढतात?" तो म्हणाला, आणि हा प्रश्न त्यानं इतक्या खऱ्या भावानं विचारला, पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या पोरासारखा, की तिला रडूच आलं असतं.

"मला काय ठाऊक. पडा, दाखवते."

त्यानं चष्मा काढून चौकटींच्या ढिगावर ठेवला आणि तो कॉटवर आडवा झाला, हात छातीशी घेऊन, संकोचानं. तिनं पदर खोचावा तशा बाह्या सरकवल्या, एक गुडघा कॉटवर टेकवला, एक हात त्याच्या खांद्याखाली आणि एक कंबरेखाली घातला. "अंग सैल सोडा. मदत करू नका. त्या नाही करायच्या." त्यानं सोडलं. तिनं त्याला आपल्याकडे ओढलं आणि मग पलीकडे वळवलं, आणि तिच्या पाठीत ती जुनी कळ बरोबर तिच्या जागी उठली. तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्याची पाठ तिला दिसत होती, विरलेल्या शर्टाखाली मणके, मानेवर रंगाचा एक वाळलेला ठिपका.

"अशी?" तो भिंतीला म्हणाला.

"अशी."

"काही बोलायची का?"

हे तिला कुणीच कधी विचारलं नव्हतं, नणंदांनी नाही, डॉक्टरांनी नाही. "ओळखायच्या नाहीत ना शेवटी मला. जन्मभर अगं म्हणत आल्या आणि मग अहो बाई म्हणायला लागल्या. म्हणायच्या, अहो बाई, उशीर झालाय, तुमच्या घरची माणसं वाट बघत असतील. निघा आता तुम्ही."

"आणि तू काय म्हणायचीस?"

"म्हणायचे, हो, निघालेच."

"मग?"

"मग काय. बसून राहायचे."

त्याचे खांदे हलू लागले आणि तिनं कंबरेखालचा हात काढून घेतला, वरचा तसाच ठेवला. बाहेर शेजाऱ्यांकडे कुणीतरी नळ सोडला, बंद केला. त्याला वळवून त्याचा चेहरा बघावा असं तिला फार वाटलं, पण एकदा कुशीवर केलेल्या माणसाला लगेच वळवायचं नसतं, एवढं तिच्या हातांना अजून ठाऊक होतं.